चुकीचा पर्याय लिहिता येतो का?

गेल्या महिन्यात पुण्यात एका करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसले होते. विषय होता ‘ई-लर्निंगमधल्या संधी’. वक्ते उत्साही, स्लाइड देखण्या आणि सभागृह भरलेलं. डी.एड. झालेल्या मुली होत्या, पत्रकारिता सोडू पाहणारे दोघे-तिघे होते, बाळंतपणानंतर नोकरीकडे परतू पाहणाऱ्या बायका होत्या आणि इंग्रजीत एम.ए. करून कॉल सेंटरच्या रात्रपाळीला कंटाळलेली पोरंही होती. या सगळ्यांना जे सांगितलं गेलं ते थोडक्यात असं : हे क्षेत्र वाढतंय, इंजिनिअर असण्याची गरज नाही, स्टोरीलाइन आणि कॅप्टिव्हेट ही दोन टूल्स शिका, चार नमुने करून पोर्टफोलिओ मांडा, सहा महिन्यांत तुम्ही ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’. शेवटी एका मुलाने विचारलं, “आणि एआयचं काय?” वक्ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तेही टूलच आहे. तेही शिकून घ्या.”

टाळ्या पडल्या. त्या पडल्या नसत्या तर मी गप्प बसले असते.

आधी वक्त्यांच्या पदरात त्यांचं माप टाकते. इथे इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, हे खरंच आहे. माझ्या पहिल्या टीममध्ये एक माजी शिक्षिका होती, एक वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. होती, जाहिरात एजन्सीतून आलेला एक कॉपीरायटर होता आणि स्पर्धांसाठी एकांकिका लिहिणारा एक मुलगा होता. टूल येत नसेल तर मुलाखतीचं बोलावणं येत नाही, हेही खरं. पण मुलाखतीपर्यंत नेणाऱ्या गोष्टीलाच करिअर म्हणणं म्हणजे लग्नपत्रिकेला संसार म्हणण्यासारखं आहे.

मी शिकलेलं पहिलं टूल होतं ऑथरवेअर. एका उभ्या रेषेवर आयकॉन ओढून ठेवत जायचं आणि कोर्स उभा करायचा. ते येतं म्हणून ऑफिसात माझा थोडा रुबाब होता. २००७ मध्ये अडोबीने त्याचा पुढचा विकास थांबवला आणि रुबाब संपला. राज्य होतं ते फ्लॅशचं. ॲक्शनस्क्रिप्ट येणाऱ्या मुलांचे पगार आम्हा लिहिणाऱ्यांच्या वर असायचे आणि ते तसं जाणवूनही द्यायचे. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने आयफोन-आयपॅडवर फ्लॅश का नाही याचं जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये त्याची यथेच्छ टिंगल झाली. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर अधिकृतपणे संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालणंच अडोबीने रोखून टाकलं. मधल्या वर्षांत जुने फ्लॅश-कोर्स एचटीएमएल५ मध्ये आणून देण्याचं काम धो धो आलं. त्यावर कित्येकांच्या फ्लॅटचे हप्ते फिटले, माझेही फिटले. पण ते काम करताना एक गोष्ट सारखी खटकायची. आम्ही दहा वर्षांपूर्वीचा रटाळ कोर्स घ्यायचो आणि तेवढाच रटाळ कोर्स नव्या टूलमध्ये करून द्यायचो. ‘नेक्स्ट’चं बटणसुद्धा उजवीकडे खाली, त्याच कोपऱ्यात. शिकणाऱ्याच्या वाट्याला त्यातून नवं काहीच आलं नाही.

टूल्स मेली, मागे उरलं ते स्कॉर्म. कोर्स आणि तो चालवणारी एलएमएस यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे हे नियम अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारातून आले. त्यांची १.२ ही आवृत्ती २००१ ची, आणि आजही कितीतरी क्लायंट तीच मागतात. त्या आवृत्तीत शिकणाऱ्याची स्थिती सांगायला सहा शब्द आहेत : उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळला, सुरूच केला नाही. ‘समजलं’ असा सातवा शब्द नाही. ते नियम लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही, यंत्राला जे मोजता येतं तेच त्यांनी मोजलं. दोष आमचा, की आम्ही त्या सहा शब्दांनाच शिक्षण समजू लागलो. (मध्येच उठून गेलेला माणूस कुठवर आला होता हे लक्षात ठेवायला त्याच आवृत्तीत ४,०९६ अक्षरांची जागा आहे. कोर्स लांबलचक असला की ती भरते आणि माणूस परत आल्यावर पहिल्या स्लाइडवर जाऊन पडतो. हे ज्याला ठाऊक असतं त्याला ऑफिसात रात्री अकरालाही फोन येतो. एवढी एक गोष्ट तरी त्या सभागृहात सांगायला हवी होती.)

साधनावर एवढा जीव टाकण्याला उत्तर फार पूर्वीच मिळालेलं आहे. रिचर्ड क्लार्क या अमेरिकन संशोधकाने १९८३ मध्ये लिहिलं होतं की शिकवण्याचं माध्यम म्हणजे नुसतं वाहन. किराणा घेऊन येणाऱ्या ट्रकमुळे जशी आपली प्रकृती सुधारत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं सुधारत नाही. त्यावर वाद झाले, आजही होतात, आणि क्लार्कचं म्हणणं टोकाचं आहे असं मलाही वाटतं. उडत्या विमानात आग लागली तर काय करायचं हे कागदावर शिकणं आणि सिम्युलेटरमध्ये शिकणं यांत फरक आहेच. पण आमच्या कामाचा मोठा भाग विमानाचा नसतो. तो असतो आचारसंहितेचा, नव्या विमा पॉलिसीचा, लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याचा, गोदामात खोकी कशी रचायची याचा. तिथे पिशवीत काय आहे हाच प्रश्न असतो, आणि आपण टेम्पो रंगवत बसतो.

वक्त्यांची एक स्लाइड तर मी गेली वीस वर्षं पाहत आले आहे. एक त्रिकोण, वर ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं’, खाली ‘स्वतः केलेलं ९० टक्के’. खाली नाव एडगर डेलचं. डेलने १९४६ मध्ये तो शंकू काढला, हे बरोबर. त्यात एकही टक्का नव्हता, ते आकडे पुढे कुणीतरी चिकटवले. पुढची स्लाइड : कुणी डोळ्यांनी शिकतं, कुणी कानांनी, कुणी हातांनी, तेव्हा प्रत्येकाला त्याच्या शैलीप्रमाणे शिकवा. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या शैलींवरचं संशोधन तपासलं, आणि तसं शिकवल्याने शिकणं सुधारतं असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. ‘लोक कसे शिकतात’ हा ज्या पेशाचा विषय आहे, त्या पेशात शिरणाऱ्यांच्या हातात पहिल्याच दिवशी हे खोटं नाणं ठेवायचं? उलट रिचर्ड मेयरने प्रयोगांतून दाखवलेली साधी गोष्ट कुणी सांगत नाही : पडद्यावर जे वाक्य लिहिलं आहे तेच निवेदकाने वाचून दाखवलं की शिकणाऱ्याला बहुधा मदत होत नाही, अडथळा होतो. कानाला त्रास असणाऱ्यांसाठी मजकूर हवाच, पण तो चालू-बंद करता यावा. हे मी क्लायंटना किती वेळा समजावलं असेल! दर वेळी उत्तर एकच, “पैसे दिलेत तर व्हॉइस-ओव्हर सगळ्या मजकुराला हवा.”

पैशांचं निघालंच आहे तर बोलूनच टाकू, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे.

आमच्याकडे कोर्स विकला जातो मिनिटांवर. तयार कोर्सच्या एका तासाला किंवा मिनिटाला अमुक दर. लेव्हल वनचा कमी, ड्रॅग-अँड-ड्रॉप वगैरे आलं की लेव्हल टूचा जास्त, सिम्युलेशनचा त्याहून जास्त. म्हणजे चाळीस मिनिटांत सांगितलेली गोष्ट जो सहा मिनिटांत समजावून देईल तो कंपनीचं नुकसान करतो. शिंप्याला कापडाच्या मीटरवर मजुरी दिली तर सदरा गुडघ्याखाली यायचाच.

चाकणजवळच्या एका कारखान्यासाठी आम्हाला असा चाळीस मिनिटांचा कोर्स करायचा होता. विषय : यंत्राची दुरुस्ती करण्याआधी वीज तोडायची, स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. कामगार कुलूप लावत नाहीत, अपघात होता होता वाचलेत, म्हणून प्रशिक्षण. तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी, म्हणजे आमच्या विषयतज्ज्ञांनी, शंभरावर स्लाइडचं पीपीटी पाठवून दिलं. मी हट्टाने एक दुसरी पाळी शॉपफ्लोअरवर काढली. नऊच्या सुमाराला एका फिटरने चहा पिता पिता सांगितलं, “मॅडम, कुलपं स्टोअरात असतात. स्टोअर पाचला बंद. सहाला मशीन थांबलं तर कुलूप आणू कुठून?”

झालं. त्याला सगळं येत होतं. धोका ठाऊक होता, क्रम ठाऊक होता, मागच्या वर्षीचा कोर्सही त्याने ‘पूर्ण’ केला होता. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्येच हा प्रश्न पुस्तकात मांडून ठेवला आहे : जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम करता येईल का? येत असेल तर अडचण शिकण्याची नाही, दुसरीकडे शोधा. मी परत येऊन प्रोजेक्ट मॅनेजरना म्हटलं, यांना कोर्स नको, प्रत्येक मशीनजवळ कुलपाची पेटी हवी. ते म्हणाले, “पेट्या आपण विकत नाही.” कोर्स झाला. अल्फा, बीटा, गोल्ड, सगळे टप्पे वेळेत. पूर्ण करणारे शंभर टक्के. मीही साइन-ऑफच्या दिवशी पेढा खाल्ला, आणि पेट्यांचं पुन्हा कुणाला विचारलं नाही. तो पेढा आजही आठवतो.

मग या पेशात नेमकं विकत घेण्यासारखं आहे काय? माझं उत्तर ऐकायला विचित्र वाटेल : चुकीचा पर्याय लिहिता येणं.

बहुपर्यायी प्रश्नात बरोबर उत्तर लिहायला अक्कल लागत नाही, ते मॅन्युअलमध्ये असतं. उरलेले तीन पर्याय लिहिताना लेखकाला विषय कळला आहे की नाही ते उघडं पडतं. संगणक-सुरक्षेच्या कोर्समध्ये हमखास असतं : संशयास्पद ईमेल आला तर काय कराल? आयटी विभागाला कळवाल, सगळ्या मित्रांना पाठवाल, की पासवर्ड उत्तरात लिहून द्याल? झोपेतला माणूसही बरोबर उत्तर देईल आणि एलएमएस लिहील, ‘उत्तीर्ण’. खरा माणूस वेगळं चुकतो. तो पाठवणाऱ्यालाच उलट विचारतो, ‘हा तुम्हीच पाठवलाय ना?’ तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ईमेल पुढे ढकलतो, ‘बघ रे, खरं वाटतंय का?’ तो ‘अनसबस्क्राइब’ दाबतो आणि काम झालं समजतो. या तिन्ही चुका समंजस, सावध माणसाच्या आहेत, म्हणून त्या शिकवण्यालायक आहेत. आणि त्या कळायला मदतकक्षातल्या मुलाशेजारी तासभर बसावं लागतं.

त्या कार्यक्रमात चहाच्या वेळी एक मुलगी माझ्याशेजारी उभी होती. डी.एड., दोन वर्षं तिसरीच्या वर्गावर कंत्राटी शिक्षिका, आता घरी. म्हणाली, “ताई, मला यातलं एकही टूल येत नाही. माझं जमणार नाही ना?” मी तिला विचारलं, बावन्न वजा अडतीस दिलं तर तुझी मुलं काय लिहायची? ती पटकन म्हणाली, “सव्वीस. आठातून दोन काढतात, मोठ्यातून लहान. काही जण चोवीस लिहितात, दशक सुटा करतात पण पाचाचे चार करायचं विसरतात. आणि नव्वद. त्यांनी चिन्हच बघितलेलं नसतं.”

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या अशाच चुकांवर गाजलेला निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, मुलं आंधळेपणाने चुकत नाहीत. त्यांच्या डोक्यात एक पद्धत असते, फक्त तिच्यात एक कीड असते. ‘मोठ्यातून लहान’ ही त्यातली नावाजलेली कीड. त्या मुलीने निबंध वाचलेला नव्हता, तिने साठ वह्या तपासल्या होत्या. आणि सभागृहातल्या तासाभरात तिच्या मनावर ठसलं काय, तर आपल्याकडे काहीच नाही. माझा राग याच गोष्टीवर आहे. स्टोरीलाइन तिला तीन आठवड्यांत येईल. तिला जे येतं ते स्टोरीलाइनवाल्याला तीन वर्षांत येईल की नाही, सांगता येत नाही.

आता एआयचं. ‘तेही टूलच’ म्हणून ते बाजूला सारणारे आणि ‘आता आमचं संपलं’ म्हणून घाबरलेले, दोघांचाही हिशोब एकाच जागी चुकतो. दोघांनीही टूललाच कसब मानलं आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. पीपीटी टाकलं की स्टोरीबोर्ड बाहेर काढणारी यंत्रं आता हाताशी आहेत, निवेदनाचा आवाजही यंत्र देतं. पीपीटीतला मजकूर टेम्प्लेटमध्ये ओतणं एवढंच ज्याचं काम होतं, त्याची भीती खरी आहे आणि त्याला खोटा धीर देण्यात अर्थ नाही. कुणी म्हणेल, यंत्राला नीट विचारलं तर ते सव्वीस आणि चोवीसही सांगेल. सांगेल ना! ब्राउन-बर्टन त्याने वाचलेले आहेत. पण काय विचारायचं हे कळायला आधी ती मुलगी हवी. आणि स्टोअर पाचला बंद होतं, हे कुठल्याही दस्तऐवजात लिहिलेलं नाही. ते फिटरला ठाऊक आहे आणि तो ते चहाच्या वेळीच सांगतो.

मला चिंता आहे ती दुसरीच. आमची पिढी हे काम खालच्या पायरीवर उभं राहून शिकली. मी पहिलं वर्ष दुसऱ्यांचे कोर्स तपासण्यात काढलं : स्पेलिंग, तुटलेली बटणं, चुकलेली क्लिप. कंटाळा यायचा, पण शेकडो वाईट प्रश्न डोळ्यांखालून गेले आणि वाईट प्रश्न कशाने वाईट होतो ते नकळत कळत गेलं. ती पायरी आता यंत्र उचलून नेतंय. कंपन्या म्हणतात, आम्हाला थेट पाच वर्षं अनुभवाची माणसं हवीत. ती येणार कुठून, हे कुठल्या मार्गदर्शनाच्या कार्यक्रमात कुणी बोलत नाही.

मराठीचा इथे एक उपप्रश्न आहे, पुण्यात बसून तो टाळणं बरं नाही. आमच्यातले बहुतेक जण आयुष्य काढतात अमेरिकेतल्या परिचारिकेला किंवा जर्मनीतल्या सेल्समनला शिकवण्यात. मराठी येते ती एक्सेलच्या शेवटच्या रकान्यात, ‘लोकलायझेशन’ या नावाखाली. फ्लॅशच्या काळात जोडाक्षरं फुटायची, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरामागे जाऊन बसायची, म्हणून आम्ही मराठी वाक्याचं चित्र करून चिकटवायचो. पुढे एक काना जरी चुकला तरी फाइल परत ग्राफिक्सवाल्याकडे. फाँट सुधारले, सवय सुधारली नाही. अजूनही इंग्रजीत विचार केलेला प्रश्न मराठीत ‘कृपया पुढे जाण्यासाठी येथे क्लिक करा’ असा गोठून येतो. आणि याच शहरात १९६७ पासून बालभारती आहे, जिथे विषय-समित्यांमध्ये वर्गावरचे शिक्षक बसतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्या कामाची दखल घेऊन २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कौतुक सगळं झालं कोडचं. पण कोड हे दार आहे. आत त्या मुलांच्या बोलीत, त्यांच्या चुका ओळखून केलेला धडा कुणीतरी ठेवावा लागतो. चुका ठाऊक असणारी माणसं एका इमारतीत आणि त्यावर कोर्स बांधणारी दुसऱ्या इमारतीत, मध्ये फार तर रिक्षाचं भाडं.

कंपन्यांनाही एक सांगायचं आहे, कारण नुसतं वक्त्यांना झोडपून भागणार नाही. तुम्ही मुलाखतीला आलेल्या मुलीला लॅपटॉप देऊन सांगता, एका तासात दोन स्लाइड करून दाखव. मग बाजारात दोन स्लाइड करायला शिकवणारे क्लास निघाले तर नवल काय? मीही दहा वर्षं तेच केलं.

अलीकडे मी लॅपटॉप देत नाही. कुठल्या तरी मिक्सरच्या किंवा वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेतलं एक पान देते, एक पेन्सिल देते आणि विचारते, यातलं काय खोडाल? पोर्टफोलिओ भारी असलेले बहुतेक उमेदवार पान वरखाली पाहतात आणि म्हणतात, “खोडण्यासारखं काही नाही, मॅडम, सगळंच महत्त्वाचं आहे.” मागच्या फेरीत एकाने, आधी सातारा रस्त्यावर मिक्सर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या मुलाने, पेन्सिल उचललीच नाही. त्याने विचारलं, “हे पान वाचणार कोण आहे? बिघडायच्या आधी वाचणार की नंतर?”

त्याला स्टोरीलाइन येत नव्हतं. आता येतं.